गहाणखताची मागची बाजू

भंडाऱ्याच्या रजिस्ट्री ऑफिसात मी नकलांच्या टेबलावर होते. लोक दस्त आणायचे, साहेबांपुढे सह्या-अंगठे व्हायचे आणि मग तो दस्त मोठ्या नोंदवहीत हाताने जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. हे उतरवणं माझं काम. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, गहाणखत, जे येईल ते. माझं अक्षर बरं होतं आणि मी काम करताना बोलत नसे. ऑफिसात एवढं पुरतं.

गहाणखत करणाऱ्या लोकांना वाटायचं, हा आपला आणि पैसे देणाऱ्याचा आपसातला मामला आहे. तसा तो नव्हता. दस्त एकदा नोंदवला की त्याची सूची होते, एक नावावरून आणि एक गावावरून. कोणीही यावं, अर्ज भरावा, थोडी फी द्यावी आणि अमक्याच्या घरावर बोजा आहे का ते बघावं. मृत्युपत्रांचं पुस्तक बंद असायचं, पण घर-जमिनीचं पुस्तक सगळ्यांना उघडं. सरकारचं म्हणणं असं की घर विकत घेणारा फसू नये. ते बरोबरच आहे. पण बघायला येणारे सगळेच घर घेणारे नसत. वकील येत, बँकेचे लोक येत, भावावर संशय असलेला भाऊ येई. लग्नसराईच्या आधी मुलाकडचे काका-मामा येत. मुलीच्या बापाचं घर मोकळं आहे का ते बघत आणि पानसुपारी खात निघून जात. ज्याचं घर बघितलं त्याला कोणी कळवत नसे.

नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी एकच गोष्ट सांगितली होती. "बाई, इथं वाचलेलं इथंच सोडून घरी जायचं." मी हो म्हटलं आणि पहिल्याच वर्षी चुकले. आमच्या ओळखीच्या एका किराणावाल्याने घर गहाण टाकलं होतं. मी ते जावेला बोलून गेले, अगदी सहज, भाजी निवडताना. आठ-दहा दिवसांत बाजारात बोभाटा झाला आणि ठोक व्यापाऱ्यांनी त्याला उधार माल देणं बंद केलं. जावेने कोणाला सांगितलं, त्याने कोणाला, हे मी शोधत बसले नाही. तोंड माझं उघडलं होतं. त्यानंतर मी ऑफिसातलं घरी आणलं नाही. घरातच काय, रस्त्यातही दुसऱ्याच्या हातात कागद दिसला की नजर आपोआप बाजूला जाई. ही सवय मला चांगली वाटायची.

आमच्या शेजारी एक नवरा-बायको राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं छोटं दुकान होतं, भाड्याच्या जागेत. गल्ली त्यांना काका-काकू म्हणायची, मीही म्हणे. काका कमी बोलणारे, उन्हातही कोट घालणारे. काकू आंधळगावची. बोलणं ठसकेबाज, हाताला काम सतत. माझी पोरं लहान असताना ऑफिसच्या वेळेत तिच्याकडे असत. तिने त्याचे कधी पैसे घेतले नाहीत, आणि कधी बोलूनही दाखवलं नाही.

एके दिवशी माझ्या टेबलावर काकांचं गहाणखत आलं. भाड्याची दुकानजागा विकायला निघाली होती आणि ती स्वतःच घ्यावी म्हणून त्यांनी राहतं घर गहाण टाकून पैसे घेतले होते. पैसे देणारे गावातले निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते सावकार नव्हते. निवृत्तीचे पैसे पडून होते, ओळखीच्या चार-सहा जणांना त्यांनी घरावर दिले होते. व्याज रास्त, तगादा नाही. मी दस्त उतरवला, ताडून पाहिला आणि पुढच्या दस्ताला हात घातला. संध्याकाळी काकूच्या ओट्यावर पोरं घ्यायला गेले तेव्हा तिने नव्या दुकानाचं सांगितलं. "ह्यायनं जमवलं बाप्पा कसंतरी," म्हणाली. मी म्हटलं, छान झालं.

काकांनी चारेक वर्षांत पैसे फेडले. आणीबाणीच्या आधीची गोष्ट, उन्हाळ्याचे दिवस होते. रविवारी सकाळी काकूने मला हाक मारली. अंगणात गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती. गुरुजी खाटेवर बसले होते, मांडीवर गहाणखत.

कर्ज घेताना काकांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. फेडलं ते मात्र चार माणसांना बोलावून. आमच्याकडे ही रीत होती. ज्याने पैसे दिले त्याने स्वतः कर्जदाराच्या दारात यायचं आणि कागद आपल्या हाताने फाडायचा. कागद फाटला की कर्ज फिटलं. तुकडे हळद-कुंकू लावून वैनगंगेत सोडायचे. गहाणाचा कागद घरात राहिला तर गहाण पुन्हा घरात येतं, असं म्हणत.

गुरुजी शिकलेले होते. ते म्हणाले, "मी मागच्या बाजूला लिहून देतो, सगळी रक्कम पोचली म्हणून. सही करतो. हे जपून ठेवा. आणि ऑफिसात जाऊन गहाण सुटल्याची फारगती नोंदवून घेऊ. बाकीच्यांची मी तशीच केली."

काका म्हणाले, "ऑफिसात कायले? तिथं सारा गाव बसून राह्यते. तुमचा शब्द आहे न."

"शब्द आहे, पण..."

"लिहा तुम्ही. लिहून झालं की फाडा."

गुरुजींनी काकांचं पेन घेतलं आणि दस्ताच्या मागे दोन-तीन ओळी लिहून सही केली. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. ते लिहीत होते तेव्हा मी तुळशीकडे बघत होते. मग त्यांनी कागद थोडा वेळ हातात धरला. काकू म्हणाली, "फाडा जी गुरुजी, पाप नाई लागत." माणसं हसली. गुरुजींनी कागद मधोमध फाडला, उरलेला काकांनी. काकूने तुकडे पळसाच्या द्रोणात गोळा केले आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुले तर माहीतच नसन, आमचं घर गहाण होतं."

मी म्हटलं, "नाही."

फारगती नोंदवली नाही तर सूचीत ते घर गहाणच राहणार, हे त्या अंगणात गुरुजींच्या खालोखाल मलाच माहीत होतं. मागे लिहिलेला मजकूर हाच एक पुरावा होता आणि तो फाटत होता. तोंड उघडलं असतं तर कबूल करावं लागलं असतं की मला चार वर्षं सगळं ठाऊक आहे. शिवाय गुरुजी भला माणूस, समोर जिवंत बसलेला. मी साखर खाल्ली आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागले.

गुरुजी पुढे काही वर्षांनी वारले. त्यांचा थोरला मुलगा भिलाईला नोकरीला होता. वर्षभराने, पावसाळ्याच्या सुरुवातीला, तो आमच्या ऑफिसात आला. खिडकीशी उभं राहून म्हणाला, "मॅडम, बाबूजीनं लोकांना पैसे दिले होते घरावर. कागद सापडत नाहीत. रेकॉर्डमध्ये कसं पाहायचं?"

मी त्याला सांगितलं ते कोणालाही सांगितलं असतं. अर्ज इथे मिळतो, फी त्या खिडकीत, वडिलांचं पूर्ण नाव आणि साधारण कोणत्या वर्षांपासून ते लिहा. त्याने लिहिलं. मी सूच्या काढल्या. गुरुजींच्या नावावर सहा गहाणखतं निघाली. पाचांच्या पुढे फारगतीची नोंद होती. सहाव्यापुढे काही नव्हतं.

"ह्याचं काय झालं?" त्याने बोट ठेवलं.

"इथे नोंद नाही."

"म्हणजे पैसे आले नाहीत."

"इथे नोंद नाही, एवढंच मी सांगू शकते."

त्याने त्या दस्ताची सही-शिक्क्याची नक्कल मागितली. तीही मीच लिहून दिली. माझंच जुनं अक्षर बघून माझ्याच हाताने. मुलगा वाईट नव्हता. घाईत होता, बापाचं काम आवरून परत जायचं होतं.

त्या संध्याकाळी काकू ओट्यावर बसून वाळवलेली मोहाची फुलं निवडत होती. मी समोरून गेले. ती म्हणाली, "आज उशीर केला वं बाई." मी म्हटलं, काम होतं. सांगायचं मनात आलं आणि नियमही मनात आला. जावेचा प्रसंग आठवला. शोध घेणाऱ्याचंही गुपित असतंच. एखाद्याने काय बघितलं हे बाहेर सांगायचं नाही, असा अर्थ मी त्या नियमाचा काढला होता. असा अर्थ कोणी मला शिकवला नव्हता.

दोन महिन्यांनी काकांना वकिलाची नोटीस आली. मुद्दल आणि इतक्या वर्षांचं व्याज, नाहीतर घराचा लिलाव.

काका ती घेऊन माझ्याकडे आले. काकू मागे. मी नोटीस वाचून अर्थ सांगितला. काका म्हणाले, "पन गुरुजीनं फाडलं न. तुमच्यासमोर फाडलं."

"फाडलं. पण ऑफिसात त्याची नोंद नाही."

"ऑफिसातलं कोनं काढलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "त्यांचा मुलगा आला होता. मीच काढून दिलं. तो अर्ज मला नाकारता येत नाही."

काकू दारात उभी होती. "कवा आलता?"

"मृगाच्या वेळी."

तिने बोटांवर मोजलं नाही. "दोन महिने झाले," म्हणाली. "दोन महिने तुले माहीत होतं आन तू माह्या दारावरून रोज गेली."

"काकू, ऑफिसचं बाहेर बोलायचं नसतं."

"आन गहाण होतं हे? ते कवापासून माहीत होतं?"

मी नोटिशीची घडी घातली. ती म्हणाली, "साखर खाल्ली तवा 'नाही' म्हने."

काका तिला म्हणाले, "चाल, कायले बोलतं." दोघं गेली.

काकांनी भिलाईला पत्र टाकलं. उत्तर वकिलाचं आलं. दुसऱ्या खेपेला ते स्वतः गाडीने गेले. मुलाने चहा दिला, नमस्कार केला आणि म्हणाला, बाबूजींनी पाच जणांची फारगती केली, तुमचीच का केली नाही? काकांनी रीत सांगितली. तो म्हणाला, "काका, माझे भाऊ मला विचारतील. मी काय दाखवू त्यांना?" काका परत आले ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. दोन महिने आधी, वकिलाकडे प्रकरण जायच्या आधी ते तिथे गेले असते तर? मला सांगता येत नाही. मुलगा कदाचित हेच म्हणाला असता.

दावा उभा राहिला. अंगणात त्या दिवशी असलेल्यांपैकी दोघं वारली होती. एक जण म्हणाला कोर्टात आमचं काय काम. एक म्हातारी आली, तिने कागद फाटताना बघितला होता, पण कसला कागद ते तिला सांगता येईना. उरले मी. साहेबांची परवानगी काढली. ते म्हणाले, "अंगणात पाहिलं तेवढं सांगा. ऑफिसातलं बोलू नका."

मी पाहिलं तेवढं सांगितलं. मग गुरुजींच्या मुलाचा वकील उभा राहिला. तरुण होता, आवाज मऊ.

"गुरुजींनी कागदाच्या मागे लिहिलं, असं म्हणता. काय लिहिलं?"

"रक्कम पोचली असं."

"तुम्ही वाचलं?"

"नाही. ते तसं म्हणाले होते."

"तुम्ही किती अंतरावर होता?"

"दोन हात."

"वाचता येत होतं तिथून?"

"येत होतं."

"मग का नाही वाचलं?"

"दुसऱ्याचा कागद मी वाचत नाही."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. "फाडला तो कागद हे गहाणखतच होतं, हे कशावरून? पुढची बाजू वाचली होती?"

"त्या दिवशी नाही."

"बाई, तुम्ही त्या ऑफिसात काम करता. फारगती नोंदवावी लागते हे तुम्हाला ठाऊक होतं. कर्ज खरंच फिटलं असतं, तर शेजाऱ्याला तुम्ही तेवढं सांगितलं नसतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कोर्टात सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "नाही सांगितलं." लेखनिकाने तेवढंच लिहून घेतलं. काकू मागच्या बाकावर होती. मी खाली उतरले तेव्हा तिने बाजूच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली.

निकालाच्या आधीच काका गेले. पावसात भिजले, ताप आला, आठवड्यात संपलं. दाव्याने गेले असं गल्ली म्हणायची. मी म्हणत नाही, त्यांची छाती आधीपासून वाईट होती. निकाल विरुद्ध लागला. घराचा लिलाव टाळायला काकूने दुकान विकलं, माल पितळेच्या भावाने मोडला आणि तेच कर्ज दुसऱ्यांदा फेडलं. मुलाने व्याज थोडं सोडलं. या वेळी रीतसर फारगती झाली. काकू ऑफिसात आली, पावती घेतली, माझ्या टेबलाकडे बघितलं नाही. मग घर एका मास्तरला भाड्याने देऊन ती आंधळगावला भावाकडे राहायला गेली.

मी फारगतीचा दस्त नोंदवहीत उतरवला. मूळ कागद पंधरवड्यात तयार झाला. तो घ्यायला कोणी आलं नाही. न नेलेले दस्त आमच्याकडे लोखंडी कपाटात ठेवत आणि दोन वर्षांनी नष्ट करत. मी काकूला दोन पोस्टकार्डं टाकली. दीडएक वर्ष गेल्यावर साहेबांना म्हटलं, मी नेऊन देते, पोच आणते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

एसटीने आंधळगावला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. घर विचारत गेले. काकू अंगणात धान वाळत घालत होती. वाळली होती, केस कापसासारखे. मला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बस," म्हणाली. भावजयीला चहा टाकायला सांगितलं. मी पिशवीतून दस्त काढला आणि पोचेवर सही कुठे करायची ते दाखवलं. तिने सावकाश नाव लिहिलं. दस्त हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि मला परत दिला.

"वाचून दाखव."

"फारगती आहे काकू. घर मोकळं झालं असं लिहिलंय."

"मले माहीत हाय काय हाय ते. तू वाच."

मी पहिल्यापासून वाचायला लागले. घराच्या चतुःसीमा आल्या, पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता. काकांचं नाव आलं, त्याआधी 'मयत'. काकू धान पायाने पसरत होती. पसरत पसरत ती अंगणाच्या टोकाला गेली, मग गोठ्यात, आणि तिथून बाहेर आली नाही. मी थांबले.

भावजय चुलीपासून म्हणाली, "वाचा न जी. मी आयकून राहिली."

मी वाचलं. पुढची बाजू, मग मागची, शिक्के, नोंदणीचा क्रमांक, साक्षीदारांच्या सह्या. चहा थंड झाला होता. तो पिऊन दस्त भावजयीजवळ दिला आणि ओल लागणार नाही अशा ठिकाणी ठेवायला सांगितलं. तिने तो तांदळाच्या कोठीवर ठेवला. मी म्हटलं, तिथे उंदीर लागतील. मग तिने पत्र्याची पेटी उघडली.

गोठ्याच्या दाराशी जाऊन मी म्हटलं, "काकू, निघते."

आतून म्हशीशी बोलल्याचा आवाज येत होता. भंडाऱ्याची गाडी दीडची होती. मी सडकेवर येऊन उभी राहिले.